मींड आकड्यांत मावते का?

मार्च १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला स्टुडिओबाहेर काढलं. आरोप असा होता की या पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यांचे सूर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मधे जी जागा असते, जिथे आपल्या रागाचा जीव असतो, तिथे पेटी पोहोचत नाही. रेडिओचे तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन इंग्रज होते. रेडिओत पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फोल्ड्सही इंग्रज, आणि त्यांनी पेटीविरुद्ध आधीच लेखणी चालवली होती. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नसे. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं.

गंमत अशी की व्हायोलिनही परदेशीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितर ते गोऱ्यांकडून शिकले आणि कर्नाटक संगीतात त्यांनी ते रुजवलं. पुढे महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ते मैफिलीत बसवलं. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' तर मराठी घराघरांत पोहोचलं. व्हायोलिनवर कोणी बंदी घातली नाही. कारण सरळ आहे. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. बोट तारेवर घसरतं आणि सूर एका जागेवरून दुसरीकडे न तुटता जातो. यालाच आपण मींड म्हणतो. आपण वाद्याचा देश पाहिला नाही, त्याला मींड येते का एवढंच पाहिलं.

हा इतिहास आज उकरायचं कारण आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो आणि विजेवर चालणारं व्हायोलिन वाजवतो. त्याने मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. हातात व्हायोलिन, पण स्पीकरमधून आवाज सारंगीचा! यमन चालला होता. एकेक सूर ऐकला तर सारंगीच वाटावी. पण पंचमावरून वरच्या षड्जाकडे मींड घेतली की सूर घसरण्याऐवजी जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा वर जायचा, आणि मधेच एक धक्का बसायचा. त्याने विचारलं, "सर, चूक माझ्या बोटांची की यंत्राची?" मी उर्दू-मराठीचा मास्तर, अभियंता नाही. पण वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. उत्तराचा अर्धा भाग तंत्रात सापडला आणि अर्धा इतिहासात.

मिरजेचे खाँसाहेब आणि सुरांची मोजणी

सूर मोजायची खटपट काही संगणकाने सुरू केली नाही. ती आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे, आणि तिच्या मध्यभागी एक मुसलमान गवई होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ. मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, सारंगिया घराण्यातले. स्वतः सारंगी वाजवलेले. पुढे मिरजेत राहिले आणि तिथेच दफन झाले.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना बावीस श्रुतींचं कोडं सोडवायचं होतं. १९१० मध्ये त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारीही याच नादात होते. या दोघांना सूर मोजायला तार होती, गणित होतं. नव्हता तो कान. तो कान खाँसाहेबांनी दिला. ते गात आणि हे मोजत. त्यातून श्रुती हार्मोनियम तयार झाली. नेहमीच्या पेटीपेक्षा जास्त सूर देणारी पेटी. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींवर मोठी चर्चा झाली. पंडित भातखंडे यांना हा प्रकार पटला नाही. वाद मिटला नाही, पेटीही फार चालली नाही. मात्र विचार मेला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा उभी केली.

मला या गोष्टीतली एक बाब महत्त्वाची वाटते. मोजणी कोणी केली याच्याइतकंच मोजताना कोणाला विचारलं हेही पाहावं लागतं. १९१० च्या आसपास देवलांनी मापपट्टी उचलली तेव्हा त्यांच्यासमोर सारंगीच्या तालमीत वाढलेला गवई बसला होता. १९४० च्या बंदीच्या चर्चेत आपल्याला अधिकारी आठवतात, कवी आठवतात. सारंगियाचं एकही नाव आठवत नाही. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या मींडच वाजवत आले, त्यांचं नाव त्या वादात दिसत नाही.

सारंगी मागे कशी पडली

सारंगी हे माणसाच्या गळ्याला सर्वात जवळचं वाद्य मानतात. तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. खाली तरबेच्या तीसपस्तीस धातूच्या तारा. त्या वाजवायच्या नसतात, त्या आपोआप झंकारतात. मुख्य तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी बाजूने टेकवतात. हात तयार व्हायला वर्षं जातात.

हे वाजवणारे बहुतेक मुसलमान खानदानी कलावंत. त्यांची रोजीरोटी बाईजींच्या मैफिलींवर. समाजाने त्या मैफिलींना नाव ठेवलं तेव्हा सारंगीलाही नाव ठेवलं. मराठी संगीत नाटकाने त्यांना काही काळ मान दिला. बालगंधर्वांच्या कंपनीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, हे रसिकांना आठवत असेल. पण त्याच रंगभूमीवर ऑर्गनही होता आणि पुढे साथीची जागा ऑर्गन-पेटीनेच व्यापली. पेटी शिकायला सोपी, न्यायला सोपी, सूर लावायची कटकट नाही. रेडिओच्या बंदीमुळे काही सारंगियांना केंद्रांवर नोकऱ्या मिळाल्या, हेही खरं. पंडित रामनारायण तरुणपणी लाहोर केंद्रावर होते. नंतर मुंबईत येऊन त्यांनी सारंगीला स्वतंत्र वादनाचा दर्जा मिळवून दिला. पण एक रामनारायण म्हणजे पूर्ण बिरादरी नव्हे. कित्येक घरांत बापाने मुलाच्या हातात सारंगी दिलीच नाही.

म्हणून स्पीकरमधून सारंगी ऐकू येते तेव्हा मला आनंद आणि खंत दोन्ही होतं. आवाज वाचला, पण वाजवणारा कुठे आहे?

वीज आली ती आपल्याच गल्लीतून

विजेचं वाद्य म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते. पण आपल्या लोकांच्या कानांवर विजेचा सूर फार आधी पडला. १९५४ चा 'नागिन' चित्रपट घ्या. त्यातली बीन आजही वरातीत वाजते. ती बीन गारुड्याची नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाचं, १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी तयार केलेलं विजेचं वाद्य कल्याणजींनी वाजवलं होतं, आणि साथीला रवींची हार्मोनियम होती. संगीतकार हेमंतकुमार. बंदी घातलेली पेटी आणि परदेशी यंत्र, दोघांनी मिळून देशाला बीन ऐकवली!

दुसरं उदाहरण आपला बेंजो. हा अमेरिकेतला बॅन्जो नव्हे. हा बुलबुल तरंग. मूळ जपानचा, १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा भाऊ. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. आपल्याकडच्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, अॅम्प्लिफायर जोडला आणि तो मुंबई-कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत गेला. २०१६ मध्ये त्याच्या नावाने हिंदी चित्रपटही आला. सैलानीच्या यात्रेत मी लहानपणी कव्वाल्या ऐकल्या, तेव्हा पेटीच्या शेजारी हाच बेंजो असायचा. त्याची तार रात्रीच्या गर्दीवरून सर्वात लांब ऐकू यायची. पिकअप म्हणजे काय हे आमच्या भागातल्या लोकांना शब्द माहीत नसतानाही माहीत होतं.

पिकअप नेमकं काय करतो

पिकअप दोन प्रकारचे. पहिला चुंबकाचा. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. वर लोखंडी किंवा पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. बेंजो आणि गिटारला हा चालतो, कारण तारा पोलादी. सारंगीच्या तातीला तो ओळखतच नाही. व्हायोलिनलाही तारा पोलादी असतील तरच तो उपयोगी.

दुसरा पिझो. १८८० मध्ये फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. हा स्फटिक व्हायोलिनच्या घोडीत किंवा घोडीखाली बसवतात. तारेचं कंपन घोडीवरूनच खाली जातं, त्यामुळे तार कशाची आहे याने फरक पडत नाही. पिझोची वीज नाजूक असते. तिला आधी प्रीअॅम्पमधून न्यावं लागतं, नाहीतर आवाज पातळ आणि किरकिरा येतो. ज्यांना पिकअपचं व्हायोलिन "पत्र्यासारखं" वाटतं, त्यांची अर्धी तक्रार इथेच मिटते.

इथपर्यंत मींड शाबूत आहे. तार घसरली तर वीजही घसरते. पिकअप सुराला तोडत नाही. दक्षिणेतले एल. शंकर यांनी १९८० मध्ये दहा तारांचं दुहेरी विजेचं व्हायोलिन बनवून घेतलं, त्यात गमक-मींड सगळं होतं. तोडफोड पुढच्या पायरीवर होते.

मिडी : आवाज नव्हे, हुकूम

१९८३ मध्ये अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. त्या भाषेचं नाव मिडी. मिडी आवाज पाठवत नाही, हुकूम पाठवते. "साठ नंबरचा सूर सुरू कर, इतक्या जोरात. आता बंद कर." सुरांना ० ते १२७ असे नंबर. मधल्या सप्तकातला पाश्चात्त्य सी म्हणजे ६०. ही भाषा करणारे कीबोर्डवाले होते, त्यामुळे तिचा साचा कीबोर्डचा. पट्टी दाबली, सूर सुरू. पट्टी सोडली, सूर बंद. म्हणजे १९४० मध्ये ज्या पेटीला बाहेर काढलं, तीच पेटी आकड्यांचे कपडे घालून परत आली.

व्हायोलिनला या भाषेत बोलायला दुभाष्या लागतो. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या झेटा कंपनीने अशी व्हायोलिनं बाजारात आणली. प्रत्येक तारेला वेगळा पिकअप, आणि प्रत्येकाची वीज पाहून सूर ओळखणारं यंत्र. या दुभाष्यासमोर तीन अडचणी असतात.

पहिली वेळेची. सूर ओळखायला निदान एकदोन पूर्ण कंपनं पाहावी लागतात. व्हायोलिनची सर्वात जाड तार पाश्चात्त्य जुळणीत सेकंदाला १९६ वेळा कंप पावते. एक कंपन म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद, दोन म्हणजे १०. सर्वात बारीक तारेला ६५९ कंपनं, म्हणून तिथे काम लवकर होतं. खालच्या सुरांत यंत्र मागे पडल्यासारखं वाटतं ते यामुळे.

दुसरी गजाची. गिटारची तार छेडली की सुरुवात स्पष्ट असते. गज मात्र हळूच टेकतो, आधी थोडी खरखर, मग सूर. यंत्र त्या खरखरीलाच सूर समजतं आणि भलताच सूर वाजवतं. शिवाय एकाच गजात चार सूर घेतले तर नवा सूर कधी सुरू झाला हे त्याला ठरवता येत नाही.

तिसरी मींडेची, आणि माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर इथे आहे. मिडीमध्ये सूर वाकवायचा वेगळा हुकूम असतो, पिच बेंड. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत. पण सहसा तो वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढाच वाकतो. पंचमावरून वरचा षड्ज पाच अर्धस्वर दूर. दोन अर्धस्वरांनंतर हुकूम संपतो आणि यंत्र नवा सूर सुरू करतं. तोच तो धक्का. बोटांची चूक नव्हती. उपाय असा की वाकण्याची मर्यादा बारा अर्धस्वर करायची, आणि ती दुभाष्या यंत्रात आणि आवाज देणाऱ्या यंत्रात अगदी सारखी ठेवायची. एकीकडे बारा आणि दुसरीकडे दोन राहिलं तर सगळं बेसूर. शिवाय जवळचा सूर पकडून ठेवायची सोय चालू असेल तर ती बंद करायची, नाहीतर पायऱ्या ऐकू येतातच. आणि बेंड सबंध चॅनेलला लागू होतो, म्हणून प्रत्येक तारेला स्वतःचा चॅनेल द्यायचा.

आता हिशेब पाहा. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. मर्यादा बारा अर्धस्वर ठेवली तरी बेंडची एक पायरी सुमारे ०.१५ सेंट. बावीस श्रुतींतलं सर्वात लहान अंतर सुमारे २२ सेंट. म्हणजे आकडे श्रुतीपेक्षा जवळजवळ दीडशे पटीने बारीक आहेत! देवल आणि खाँसाहेबांच्या हातात एवढी बारीक मापपट्टी कधीच नव्हती. आकडे कमी पडले नाहीत. दोन ही मर्यादा ठरवताना समोर सारंगिया नव्हता, कीबोर्ड होता. २०१८ मध्ये एमपीई आणि २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र वाकायची मुभा मिळाली. सदतीस वर्षं लागली.

तरीही काय हरवतं

हे सगळं नीट लावलं तरी एक गोष्ट राहते. यंत्रातली सारंगी म्हणजे कोणीतरी वाजवलेल्या सुट्या सुरांची साठवण. त्या साठवलेल्या सुराला बेंडने वर ओढलं की त्याच्याबरोबर सारंगीचं लाकूड, कातडं आणि तरबेचा झंकारही वर ओढला जातो. खऱ्या सारंगीत मुख्य सूर घसरतो, पण खोका जागेवर असतो आणि तरबा आपापल्या सुरावर झंकारत राहतात. वाट तीच, चालणारा बदलतो. यंत्रात चालणाऱ्याबरोबर वाटही सरकते. कान हे लगेच ओळखतो, भले त्याला कारण सांगता येत नाही.

मी रोज दोन लिपींत वावरतो, म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. उर्दूतले जाल, जे, ज्वाद, जोय हे चार वेगळे हर्फ मराठीत आले की एकच ज होतो. जिक्र, जमीन, जिद्द, नजर, सगळे एका रांगेत. उलट दिशेला आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. बुलढाण्यातला ण उर्दूत नून होतो. लोणारचंही तेच. जळगाव जामोदचा ळ साधा लाम होतो. म्हणून मी मुलांना लिप्यंतर करू नका असं सांगत नाही. लिप्यंतर नसतं तर माझी अर्धी मुलं दुसऱ्या भाषेपर्यंत पोहोचलीच नसती. मी एवढंच सांगतो की शब्द एकदा तोंडाने बोला, बोलणाऱ्याकडून ऐका. लिपी खूण आहे, उच्चार माणसाकडे आहे.

विद्यार्थ्यालाही मी हेच कळवलं. मिडी वापर, पण पिकअपचा मूळ आवाजही सोबत ठेव. मींड तारेच्या खऱ्या आवाजात घे, यंत्राकडून मागचा भरणा घे. दोन्ही वायर एकाच वेळी लावता येतात. आणि यंत्रातली सारंगी वाजवायच्या आधी पंडित रामनारायणांची ध्वनिमुद्रणं शांतपणे ऐक, म्हणजे आपण काय उसनं घेतोय ते कळेल.

बाकी आपल्या सर्वांसाठी एक काम उरतं. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात अजूनही जुन्या कलावंतांची घरं आहेत. कोणाच्या आजोबांची सारंगी खुंटीला टांगलेली असेल, कोणाकडे दिलरुबा, कोणाकडे जुना बेंजो. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा मोबाइल आहे. त्या घरांत जा. सुटे सूर रेकॉर्ड करू नका, ते बाजारात मिळतात. एका सुरावरून दुसऱ्यावर हात कसा जातो ते रेकॉर्ड करा, आणि वाजवणाऱ्याचं नाव, गाव, उस्तादाचं नाव त्याच्याच तोंडून घ्या. पुढच्या मापपट्ट्या बनतील तेव्हा बनवणाऱ्यांना विचारायला कोणीतरी हवं.